गॅस नाही, आधी हवा आणि व्होल्टेज बघा: मोटारहोमच्या छतावरचा एसी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, किंवा जे आत्ता कुठल्यातरी कॅम्पग्राउंडवर एक काडी नेटवर्क पकडून बसलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना गाडी जिथे घसरली तिथे थोडं सावरून घेतलंय, बाकी बडबड माझीच.

मे महिना लागला की मला व्हॉइस मेसेज यायला लागतात. फिनिक्सहून, डॅलसहून, ऑस्टिनहून. कुणी जुनी मोटारहोम विकत घेतलेली असते, कुणी दहा दिवसांसाठी भाड्याने. प्रश्न मात्र एकच: "ताई, आमच्या आरव्हीचा एसी चालू होतो, पण गार करत नाही. गॅस कुठे भरून मिळेल?"

हा 'गॅस' शब्द आपण गावाहून सोबत आणलेला आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर माणूस येतो, नळी लावतो, "गॅस कमी होता" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. त्यामुळे एसी बिघडला म्हणजे गॅस संपला, हे डोक्यात पक्कं. पण छतावरच्या या एसीचं तसं नसतं. हा एसी म्हणजे खिडकीतल्या एसीचा भाऊ. कंप्रेसर, आतली कॉइल, बाहेरची कॉइल, पंखा, सगळं एकाच पेटीत. छताला साधारण १४ इंच बाय १४ इंचाचं चौकोनी भोक असतं, त्यावर ही पेटी बसवलेली असते. गॅस कारखान्यातच भरतात आणि नळ्या डाग देऊन बंद करतात. बहुतेक पेट्यांना गॅस भरायचं तोंडच नसतं! खरोखर गळती झालीच तर तंत्रज्ञ नळीला भोक पाडून तोंड बसवू शकतो, पण त्या खर्चात आणि कटकटीत लोक नवीन पेटीच बसवतात. शिवाय अमेरिकेत रेफ्रिजरंट हाताळायला ईपीएचं प्रमाणपत्र लागतं, घरच्या घरी करायचं ते काम नाही.

मग गार का करत नाही? माझ्या अनुभवात दहातल्या बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: हवा नीट खेळत नाही, किंवा वीज पुरेशी मिळत नाही.

आधी एक साधी परीक्षा. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी पूर्ण जोरात पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग दोन आकडे घ्या. एक, जिथून एसी आतली हवा ओढतो त्या जाळीपाशी. दुसरा, जिथून थंड हवा बाहेर पडते त्या सगळ्यात जवळच्या व्हेंटमध्ये. दोन्हींत साधारण १६ ते २२ अंश फॅरनहाइटचा फरक हवा, म्हणजे सेल्सिअसमध्ये ९ ते १२. हवेत दमटपणा फार असेल तर फरक थोडा कमी येतो. या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

फरक नीट आहे आणि तरी गाडीत उकडतंय? मग एसी ठणठणीत आहे. त्याच्या मागे लागू नका, गाडीत ऊन कुठून शिरतंय ते शोधा. त्याकडे नंतर येते.

फरक कमी आहे? मग फिल्टर. आता तुम्ही म्हणाल, फिल्टर काय सांगतेस, हे कुणालाही कळतं. कळतं, पण काढून बघतं कोण? जाळी खाली ओढली की स्पंजसारखा फिल्टर हातात येतो. साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा, पूर्ण वाळवायचा आणि परत लावायचा. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी. तुमच्याकडे कुत्रा असेल किंवा रोज फोडणी होत असेल तर आणखी लवकर. फोडणीचं तेल हवेतून जाऊन त्या स्पंजवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. दक्षिणेकडच्या एका मित्राच्या फिल्टरला मोहरीचा वास येत होता. (खरंच!)

फिल्टर स्वच्छ आहे, तरी फरक कमीच? मग ही पुढची जागा बघा, कारण इथे भले भले चुकतात. आतल्या बाजूचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की छताच्या भोकात दोन कप्पे दिसतात. एका कप्प्यातून गरम हवा वर जाते, दुसऱ्यातून थंड हवा खाली येते. मध्ये एक पडदी असते. ही पडदी नीट बसलेली नसेल किंवा तिची टेप उन्हाने सुटली असेल, तर थंड हवा खोलीत न येता फटीतून थेट परत वर ओढली जाते. एसी बिचारा स्वतःचीच थंड हवा पुन्हा पुन्हा गार करत बसतो. कारखान्यातून आलेल्या नव्या गाड्यांमध्येसुद्धा ही फट सापडते. उपाय? डक्टसाठी मिळते ती अॅल्युमिनियमची फॉइल टेप. कापडी टेप लावू नका, ती उन्हाळ्यात सुटते. कप्प्याच्या कडा, कोपरे, डक्ट जिथे जोडलाय ती जागा, सगळं चिकटवून बंद करायचं. एक तासाचं काम आहे, आणि नवीन एसी बसवल्यासारखा फरक पडलेला मी पाहिलाय. हात घालण्याआधी ब्रेकर बंद, हे सांगायला नको.

आता वर चढूया. सकाळी लवकर, पण दव वाळल्यावर. ओल्या छतावरून पाय सटकतो. चढण्याआधी गाडीचा विजेचा प्लग काढा, एसीचा ब्रेकर पाडा आणि जनरेटर आपोआप सुरू व्हायची सोय असेल तर ती बंद करा. हे शेवटचं लोक विसरतात. तुम्ही पेटीत हात घातलाय आणि खाली बॅटरी उतरली म्हणून जनरेटर स्वतःच सुरू झाला, असं व्हायला नको.

वरचं कव्हर चार-सहा स्क्रूंवर असतं. ऊन खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, जोर लावू नका. आत काय सापडेल सांगता येत नाही: पानं, धूळ, गांधीलमाशीची मातीची घरटी. मागच्या बाजूला बाहेरची कॉइल असते, तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या. एसी आतली उष्णता याच पात्यांतून बाहेर टाकतो. त्या धुळीने बुजल्या तर उष्णता जाणार कुठे? मऊ ब्रशने धूळ काढा, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर अजिबात नको, पात्या लोळागोळा होतात. वाकलेल्या पात्या सरळ करायला छोटी फणी मिळते. मोटर आणि तारांवर पाणी जाऊ देऊ नका.

तिथेच एक दंडगोल डबी दिसेल, तो कपॅसिटर. कंप्रेसरला सुरू व्हायला आणि चालत राहायला तो लागतो. उष्णतेने तो मरतो. लक्षण असं: पंखा चालतो, कंप्रेसर "हम्म्म" करतो, काही सेकंदांनी 'टक' होतं आणि गप्प. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर तो गेलाच समजा. ही वस्तू तुलनेने स्वस्त आहे, आणि तिच्यापायी "कंप्रेसर गेला" असं ऐकून लोकांनी पूर्ण पेटी बदललेली आहे. पण वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो आणि जोरदार झटका देतो. तो नीट उतरवून काढायचं माहीत नसेल तर नुसतं बघा, फोटो काढा आणि तंत्रज्ञाला पाठवा. हात लावू नका. इथे धाडस दाखवण्यासारखं काही नाही.

आता वीज. माझ्या मते आजच्या भागात सगळ्यात महत्त्वाचं हेच.

अमेरिकेत कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरची जोडणी मिळते ती १२० व्होल्टची, म्हणजे एकूण ३,६०० वॅट. १३,५०० बीटीयूचा एसी, आपल्या भाषेत एक टनाहून थोडा मोठा, गरम दुपारी साधारण १३ अँपिअर खातो. पाणी तापवायचा हीटर विजेवर असेल तर त्याचे १२. आता सासूबाईंनी चहासाठी १,५०० वॅटची किटली लावली, तिचे साडेबारा. झाले साडेसदतीस! ब्रेकर पडणारच. हा बिघाड नाही, नुसतं गणित आहे. पाण्याचा हीटर गॅसवर टाका, किटली चालू असेपर्यंत एसी थांबवा. एसी थांबवलात तर परत लावायला तीन-चार मिनिटं जाऊ द्या. आतला दाब समान झाला नाही तर कंप्रेसरला उठताच येत नाही.

ब्रेकर पडला तर निदान कळतं. कमी व्होल्टेज कळत नाही, आणि तेच एसी मारतं. गेल्या जूनमध्ये सासू-सासरे नाशिकहून आले होते, त्यांना घेऊन आम्ही अॅरिझोनात पेजला गेलो. संध्याकाळी पाच वाजता कॅम्पग्राउंड गच्च भरलेलं, प्रत्येक गाडीचा एसी घरघरतोय. आमचा बंद पडला. सासरे म्हणाले, "अगं, गॅस संपला असेल. भरून घे ना कुणाकडून." मी विजेच्या खांबावर लावलेल्या आमच्या संरक्षक यंत्राचा आकडा बघितला: १०२ व्होल्ट. साधारण १०४ च्या खाली गेलं की ते यंत्र वीज तोडतं, तसं त्याने तोडलं होतं. त्याच्या कृपेने एसी वाचला. व्होल्टेज पडलं की मोटर तेच काम करायला जास्त करंट ओढते, तापते आणि आतलं वायंडिंग जळतं. एका दिवसात नाही, असे दहा-बारा उन्हाळी संध्याकाळचे तास झाले की एक दिवस कंप्रेसर उठत नाही. आणि मग आपण म्हणतो, माल खराब निघाला.

मॅनेजरला जाऊन आकडा सांगितला. भांडण नाही, नुसता आकडा. त्यांनी मुख्य जोडणीच्या जवळची दुसरी जागा दिली, तिथे ११४ मिळाले. "बाबा, गॅस भरला," असं मी सांगितलं आणि ते खूश झाले.

तेव्हा मंडळी, नवीन पेटीवर पैसे घालण्याआधी असं यंत्र घ्या. निदान सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर तरी. घरासमोर गाडी लावून साध्या केशरी एक्स्टेन्शनवर एसी चालवू नका. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि प्लग वितळतो. गाडीच्या प्लगचे पाय काळे पडलेले दिसले तर तोही बदलायचा. आणि घरी आरव्हीचा सॉकेट बसवून घेत असाल तर इलेक्ट्रिशियनला ठासून सांगा, हा ३० अँपिअरचा सॉकेट १२० व्होल्टचा आहे. कपडे वाळवायच्या मशीनचा समजून काही जण २४० जोडतात, आणि पहिल्याच मिनिटात गाडीतली उपकरणं उडतात.

उरलेलं भराभर. एसी अजिबातच चालू होत नाही, भिंतीवरचा थर्मोस्टॅट काळा? अशा थर्मोस्टॅटला १२ व्होल्टची वीज लागते. बॅटरी आणि तिचा फ्यूज बघा. आतल्या कॉइलवर बर्फ? थंडी बंद करून नुसता पंखा जोरात चालवा, बर्फ वितळला की फिल्टरपासून पुन्हा सुरुवात. छतातून पाणी ठिबकतंय? पाऊस नसताना एसी चालवल्यावरच ठिबकत असेल तर पेटीतलं पाणी बाहेर जायची भोकं बुजलीत किंवा गाडी तिरकी उभी आहे. एसी बंद असताना पावसात ठिबकत असेल तर पेटीखालचं गॅसकेट बघा. ते चार लांब बोल्टांनी आतून दाबलेलं असतं. प्रवासाच्या हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतात. थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. फार आवळलेत तर गॅसकेट चेपून तेच गळायला लागेल.

आता ऊन. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होतं, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे. अशा हवेत पातळ भिंतींच्या डब्यात एक टनाचा एसी चमत्कार करत नाही. पुढच्या मोठ्या काचेवर बाहेरून चमकदार पडदा टाका, छताच्या झरोक्यांत फोमच्या उशा कोंबा, सावलीकडे तोंड करून गाडी लावा आणि एसी सकाळी नऊलाच सुरू करा. दुपारी दोनला तापलेली गाडी गार करायला संध्याकाळ उजाडते.

आणि गाडीत म्हातारी माणसं, लहान मूल किंवा कुत्रा असेल, तर एसी बंद पडल्यावर कुठे जायचं हे आधी ठरवा. जवळचं वातानुकूलित दुकान, वाचनालय, मोटेल, काहीही. दुरुस्ती नंतर. एसीच्या भरवशावर कुत्र्याला आत ठेवून फिरायला जायचं असेल तर तापमान मोबाइलवर कळवणारं यंत्र लावा, आणि वीज गेली तरी ते चालेल याची खात्री करा. रात्री जनरेटरवर एसी चालवून झोपणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना, हे बटण दाबून बघा. त्या वायूला वास नसतो.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी: तुमच्या गाडीत २३० व्होल्ट असतात, त्यामुळे माझे व्होल्टचे आणि अँपिअरचे आकडे तसेच्या तसे उचलू नका, तुमच्या एसीवरच्या पट्टीवर लिहिलेले घ्या. फिल्टर, फट, कॉइल आणि थर्मामीटर मात्र तिकडेही तेच.

पुढच्या भागात फ्रिज. तो गॅसवरही चालतो आणि विजेवरही, आणि गाडी तिरकी लावली की रुसतो. तुमच्या एसीचे दोन आकडे, जाळीपाशी किती आणि व्हेंटमध्ये किती, व्हॉइस मेसेजने पाठवा. सोबत गावाचं नाव आणि दुपारचे किती वाजले होते तेही सांगा. चला, भेटू.