वार्षिकांकातील रंग, अक्षरे आणि आलेख

शालेय वर्षाच्या अखेरीस वार्षिकांकाची प्रत हाती पडताच विद्यार्थी सर्वप्रथम काय पाहतो, याचे निरीक्षण कोणत्याही शाळेत करता येईल. मुख्याध्यापकांचे निवेदन तो क्वचितच वाचतो. तो आपल्या वर्गाचे छायाचित्र शोधतो, रांगांवरून बोट फिरवितो, आणि स्वतःचा चेहरा सापडला की खालच्या नामावलीत स्वतःचे नाव पाहतो. चेहरा काळवंडलेला असला किंवा नाव चुकलेले असले, तर त्याच्यापुरता तो अंक बिघडला. हा बिघाड पुढे दुरुस्तही होत नाही. कारण वार्षिकांक एकदाच छापला जातो आणि ग्रंथालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे तसाच राहतो. रंग, अक्षरांचे वळण व आकड्यांची चित्रे ही केवळ अंकाची सजावट होय, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु यांपैकी प्रत्येकामागे डोळा, शाई आणि कागद यांचे काही नियम असतात, आणि मागच्या रांगेतील मुलगा ओळखू येतो की नाही, हे त्या नियमांवर अवलंबून असते.

हे नियम समजून घेण्यास चेन्नई हे शहर फार सोयीचे आहे. तेथे मुद्रणाची परंपरा जुनी आहे. १७६१ साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी घेतली, तेव्हा तेथील छापखाना त्यांनी मद्रासला आणला. शहराच्या वेप्पेरी भागात तो मिशनऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि १७७९ मध्ये फाब्रिसियस यांचा तमिळ-इंग्रजी कोश तेथे छापून निघाला. मराठी वाचकाला मात्र या शहराची ओळख अधिक जिव्हाळ्याच्या मार्गाने झालेली आहे. ज्या ‘चांदोबा’ मासिकावर महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, ते मद्रासच्या वडपळनी भागातून निघत असे. बी. नागिरेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत ते सुरू केले व १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती निघाली. विक्रम आणि वेताळ यांची जी चित्रे मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे कायमची राहिली, ती शंकर या नावाने चित्रे काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन् यांची होती. २०२० साली त्यांचे निधन झाले. मासिक त्यापूर्वीच बंद पडले होते.

एकच चित्र अनेक भाषांच्या आवृत्त्यांत कसे वापरता येते? याचे उत्तर रंगीत मुद्रणाच्या पद्धतीत आहे. छापील पानावर दिसणारे सारे रंग बहुधा चारच शायांतून निर्माण होतात: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईसाठी एक स्वतंत्र पत्रा असतो आणि कागद चारही पत्र्यांखालून जातो. भिंगातून पाहिले असता चित्र सलग नसून बारीक ठिपक्यांचे बनलेले आहे, असे आढळून येईल. ठिपके जवळजवळ असल्यामुळे डोळा त्यांचे मिश्रण करतो व हिरवा, नारिंगी, तपकिरी असे रंग प्रत्यक्षात नसतानाही दिसतात. आता सर्व मजकूर केवळ काळ्या पत्र्यावर ठेवला, तर भाषा बदलताना तेवढा एकच पत्रा बदलावा लागतो. उरलेले तीन तसेच राहतात. अनेक भाषांत निघणाऱ्या कोणत्याही प्रकाशनाला ही युक्ती उपयोगी पडते. तमिळ आणि इंग्रजी अशा दोन भाषांत अंक काढणाऱ्या चेन्नईतील शाळेलाही ती तितकीच लागू आहे.

मजकूर काळ्या शाईत ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते चेन्नईच्या हवेशी निगडित आहे. कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो. दमट हवेत हे तंतू फुगतात. लांबीत थोडे, रुंदीत बरेच अधिक. त्यामुळे कागदाचा ताव एका दिशेने किंचित वाढतो. पहिला रंग बसल्यावर कागदाने केसभर जागा सोडली, तरी दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. मोठ्या चित्रात ही चूक खपून जाते. पण रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी ठेवलेली बारीक अक्षरे असली, की त्यांच्या कडांत एखादी शाई शिरते आणि अक्षर बुजते. अनुस्वार व तमिळ व्यंजनावरील टिंब ही सर्वांत आधी नाहीशी होतात. समुद्रकाठच्या चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने असतात. त्या काळात कागद उघडा न ठेवण्याची व छापखान्याच्या हवेत त्याला मुरू देण्याची खबरदारी मुद्रक घेतात. याच राज्यातील शिवकाशी हे दक्षिणेकडचे गाव मुद्रणासाठी प्रसिद्ध झाले, त्याला तेथील कोरडी हवा पुष्कळशी कारणीभूत आहे. ही हवा आधी आगपेट्यांच्या धंद्याला मानवली. आगपेट्यांना रंगीत लेबले लागली, आणि लेबलांमागून दिनदर्शिका व वह्या आल्या.

आता चेहऱ्याकडे वळू. शाईचा ठिपका कागदावर पडल्यावर पसरतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर तो कमी पसरतो, साध्या कागदावर अधिक. परिणामी साध्या कागदावरील प्रत्येक छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर दिसते त्याहून काळसर छापले जाते. उजळ भागात हे जाणवत नाही. सावळ्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र डोळे, नाक व गाल यांतील छटांचे अंतर मुळातच थोडे असते, आणि ठिपके पसरले की ते अंतर मिटून जाते. त्यातच वर्गाचे छायाचित्र भर दुपारी मैदानात घेतलेले असते. ऊन डोक्यावरून येते, भुवयांची सावली डोळ्यांत पडते, आणि पांढऱ्या गणवेशाला बेतून प्रकाश मोजल्यामुळे चेहरा आणखी काळा उतरतो. या दोषाला थोडा इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईचा मेळ ज्या नमुनापत्रांवरून साधला जाई, त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. गोरी त्वचा ठीक उतरली म्हणजे रंग ठीक, असा तो हिशेब होता. दक्षिण भारतातील शाळेने आपला हिशेब उलट बाजूने मांडला पाहिजे. छायाचित्र सकाळी किंवा व्हरांड्याच्या सावलीत घ्यावे, वर्गातील सर्वांत सावळ्या मुलाच्या चेहऱ्यावरून प्रकाश मोजावा, आणि नमुन्याची प्रत ज्या कागदावर अंक निघणार त्याच कागदावर काढून पाहावी. चकचकीत कागदावरील नमुना पाहून साध्या कागदाला मान्यता देणे, ही वार्षिकांकांतील नेहमीची फसगत होय.

रंगांचा दुसरा उपयोग ओळख पटविण्यासाठी होतो. पुष्कळ शाळांत विद्यार्थ्यांचे चार गट असतात व त्यांना तांबडा, हिरवा, निळा आणि पिवळा असे रंग दिलेले असतात. क्रीडास्पर्धांचे निकाल मग याच रंगांत छापले जातात. येथे दोन अडचणी येतात. पांढऱ्या कागदावरील पिवळे अक्षर जवळजवळ दिसत नाही. कारण वाचताना डोळा रंगापेक्षा उजेड-अंधारातील फरकावर अधिक विसंबतो. दुसरी अडचण वर्णांधतेची. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीतील हा दोष वर्णन केला. युरोपीय वंशाच्या दर शंभर पुरुषांपैकी सुमारे आठ जणांना तांबडा व हिरवा यांत भेद करणे अवघड जाते. भारतात हे प्रमाण कमी आहे. तरी मुलांच्या मोठ्या शाळेत अशी कित्येक मुले असतात, आणि त्यांपैकी काहींना आपल्या दोषाची कल्पनाही नसते. ज्या आलेखात केवळ तांबडी रेषा विरुद्ध हिरवी रेषा एवढाच भेद आहे, तो त्यांच्यापुरता कोरा आहे. उपाय मात्र अगदी सोपा आहे. रेषेच्या टोकाशी गटाचे नाव लिहावे आणि एक रेषा सलग, दुसरी तुटक काढावी. पान वाचनीय आहे की नाही, हे ठरविण्यासाठी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स प्रत काढावी. तीत जे वाचता येत नाही, ते रंगांतही पुष्कळांना वाचता येणार नाही.

अक्षरांच्या बाबतीत चेन्नईतील शाळेपुढे अधिक बिकट प्रश्न असतो. तेथे एकाच पानावर दोन-तीन लिप्या नांदत असतात. रोमन लिपीतील दहा बिंदूंचे अक्षर सुखाने वाचता येते. (मुद्रणातील बिंदू म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग.) देवनागरी त्याच मापात लहान भासते, कारण वेलांटी, मात्रा, रफार वर व उकार खाली याच मापात सामावून घ्यावे लागतात. तमिळ अक्षरे रुंद असतात व शब्द लांब, म्हणून अरुंद रकान्यात ओळी ओढूनताणून भरल्यासारख्या दिसतात. तेव्हा तिन्ही लिप्यांना एकच माप देणे म्हणजे समान वागणूक देणे नव्हे; डोळ्याला सारखी दिसतील अशी मापे निरनिराळी घ्यावी लागतात. शिवाय एका अंकात मजकुरासाठी एक वळण व मथळ्यांसाठी एक, एवढी दोन वळणे पुरेत. प्रत्येक पानावर नवे वळण वापरण्याचा उत्साह विद्यार्थी-संपादकांत असतोच; तो मलपृष्ठावर भागवून घ्यावा.

संगणकावरील तमिळ आणि देवनागरी वळणांत एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरीचे ‘मंगल’ व तमिळचे ‘लता’ ही वळणे सिद्ध झाली आणि विंडोज प्रणालीबरोबर ती घरोघर पोहोचली. ही वळणे युनिकोड या सर्वमान्य संकेतावर आधारलेली आहेत. त्यापूर्वी प्रत्येक छापखान्याचा संकेत निराळा असे, व एका संगणकावरील तमिळ मजकूर दुसऱ्यावर नेला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. जुन्या वार्षिकांकांच्या संगणकीय प्रती आज उघडू पाहणाऱ्या शाळांना हा अनुभव अद्यापि येतो.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर असते. उच्चार संदर्भाने ठरतो. तमिळ नोंदवहीवरून देवनागरीत परत लिहिताना ‘गोखले’ यांचे ‘कोकले’ होणे अगदी सहज घडते. तमिळ कुटुंबांत आडनाव बहुधा नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी व स्वतःचे नाव नंतर, अशी रीत आहे, आणि ही आद्याक्षरेसुद्धा तमिळमध्येच लिहावीत असा आदेश तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये काढला. अशा नामावलीला नाव व आडनाव असे दोन रकाने आखून दिले, तर निम्मी नावे उलटीसुलटी होतात. रकाना एकच ठेवावा आणि नाव ज्याचे तो जसे लिहितो तसे घ्यावे.

राहता राहिले आकडे. स्तंभांनी व रेषांनी आकडे दाखविण्याची प्रथा विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ मधील ग्रंथापासून रूढ झाली. शाळेच्या अंकात तिचा सर्वाधिक दुरुपयोग परीक्षांच्या निकालाबाबत होतो. समजा, उत्तीर्णांचे प्रमाण गतवर्षी शेकडा ९४ होते व यंदा ९७ झाले. स्तंभांची सुरुवात शून्याऐवजी ९० पासून केली, तर एक स्तंभ चार भाग व दुसरा सात भाग उंच निघतो आणि शाळेची प्रगती जवळजवळ दुप्पट भासते. आकडे खरे असूनही चित्र खोटे असते. दुसरी चूक आकारांची. झाडे दुप्पट लावली म्हणून झाडाचे चित्र दुप्पट उंच काढले, तर त्याची रुंदीही दुप्पट होते आणि कागदावर ते चौपट जागा व्यापते. व्हिएन्नातील ओटो नॉयराथ यांनी १९२० नंतरच्या दशकात यावर नियम घालून दिला: संख्या वाढली तर चित्र मोठे करू नये, तेवढ्याच आकाराची चित्रे अधिक काढावीत. एक झाड म्हणजे दहा झाडे असे ठरवून झाडांची ओळ लावली, की लहान मुलालाही ती मोजता येते.

चेन्नईतील विद्यार्थ्यांना असा आलेख काढण्यासाठी पावसासारखा उत्तम विषय नाही. शहराचा वार्षिक पाऊस सुमारे १४०० मिलिमीटर. त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. बारा स्तंभ शेजारी शेजारी काढताच हे एका दृष्टिक्षेपात कळते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एकट्या नुंगंबाक्कम केंद्रावर १०४९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि डिसेंबरच्या प्रारंभी शहर पुरात बुडाले. शाळा अनेक दिवस बंद राहिल्या. त्या वर्षाचा स्तंभ नेहमीच्या मापाने काढू गेल्यास तो पानाबाहेर जातो. अशा वेळी तो मध्येच तोडून वर आकडा लिहिण्याचा मोह होतो, परंतु तसे करू नये; पान आडवे घ्यावे किंवा सर्व स्तंभ लहान करावेत, म्हणजे बाकीचे अकरा महिने त्याच्या शेजारी किती खुजे आहेत ते दिसेल.

सर्व मजकूर जुळून तयार झाल्यावर मुद्रिते तपासण्याचे काम दोघा-तिघा शिक्षकांवर सोपविले जाते. वाक्यांतील चुका त्यांना सापडतात; नावांतील चुका सापडतीलच असे नाही. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येक वर्गाचे पान, छायाचित्र व नामावलीसह, त्या वर्गाच्या दारावर एक दिवस लावून ठेवावे आणि शेजारी दोरीने पेन्सिल बांधावी. ज्याचा चेहरा त्याने पाहावा, ज्याचे नाव त्याने तपासावे. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी वर्गशिक्षकाने करावी व दुसऱ्या दिवशी त्यांना पान दाखवूनच ते छापखान्याकडे पाठवावे.