मोझेलच्या काठी चार दिवसांचा विसावा

आपल्या समाजात नवरा-बायकोने दोघांनीच फिरायला जाणे अजून अंगवळणी पडलेले नाही. आपण प्रवास करतो तो लग्नकार्याला, आजारी नातेवाइकाला भेटायला, नाहीतर दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला. रजा शिल्लक असते, पण ती मुलांच्या परीक्षेसाठी आणि घराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेली असते. आम्हा उभयतांचेही वीस वर्षे असेच चालले होते. २०१९ च्या सप्टेंबरअखेर मात्र आम्ही दोघेच जर्मनीतील मोझेल नदीच्या काठी चार दिवस राहून आलो. फ्रँकफर्टला नोकरी करणाऱ्या भाच्याने विमानाच्या तिकिटांचा भार उचलला आणि बाकीचे पोस्टातील बचतीवर भागले.

मोझेल ही ऱ्हाईन नदीची उपनदी. फ्रान्समधील व्होज डोंगरात उगम पावून सुमारे ५४५ किलोमीटर वाहत ती कोब्लेन्झ शहरात ऱ्हाईनला मिळते. ट्रिअर ते कोब्लेन्झ हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण नदी इतकी वळणे घेते की तिला जवळजवळ दुप्पट वाट चालावी लागते. प्रत्येक वळणावर एखादे छोटे गाव, चर्चचा मनोरा, धक्क्याला लागलेली बोट आणि मागे उभ्या डोंगरावर द्राक्षांचे मळे. घाई करणाऱ्या माणसाने इकडे येऊच नये.

पहिला मुक्काम कोखेमला केला. गावावर राइशबुर्ग नावाचा किल्ला आहे. १६८९ साली फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि १८६८ नंतर बर्लिनच्या एका धनिकाने तो विकत घेऊन पुन्हा उभारला. आम्ही उतरलो होतो एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी. इकडे मळेवाले घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, हॉटेलपेक्षा ते स्वस्त पडते. संध्याकाळी मालकीणबाईंनी मोठ्या प्रेमाने घरची वाईन पुढे केली. आम्ही पंचशील पाळणारी माणसे. दारू घेत नाही, असे भाच्याने शिकवलेल्या दोन जर्मन वाक्यांत सांगितले. बाई जराही नाराज झाल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी त्याच मळ्यातील द्राक्षांचा ताजा रस आणून दिला. वाईनच्या प्रदेशात न पिणाऱ्याने कसे वागावे, ही आमची चिंता तिथेच मिटली. दारूने आपल्या वस्त्यांतील किती संसार धुळीला मिळवले ते आम्ही रोज पाहतो, त्यामुळे नकार द्यायला आम्हाला संकोच वाटत नाही. पण नकार नम्रपणे देता येतो आणि समोरचा माणूस तो मान ठेवून स्वीकारतो, हेही येथे शिकायला मिळाले.

दिवस सुगीचे होते. आपल्याकडे नाशिक-तासगावला द्राक्षवेल मांडवावर चढवतात. मोझेलच्या जुन्या मळ्यांत एकेका वेलीला एकेक खांब असतो आणि तिच्या फांद्या वाकवून त्यालाच बांधतात. जमीन काळसर पाटीच्या दगडाची. हा दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब परत देतो, म्हणूनच इतक्या थंड देशात रीसलिंग जातीची द्राक्षे पिकतात. ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा मळा आहे. त्याचा चढ काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत सांगतात. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावरच्या छोट्या गाडीतून माणसे आणि माल वर नेतात, बाकी सारे काम हाताने. दुरून जे हिरवे चित्र दिसते त्यात जवळ गेल्यावर पाठीला टोपली बांधलेली माणसे दिसतात. हंगामात हे काम करायला पोलंड आणि रुमानियातून मजूर येतात. संध्याकाळी नदीकाठच्या टेबलांवर बसलेल्या पाहुण्यांत ते नव्हते. इतके श्रम परवडत नाहीत म्हणून अनेक उभे मळे आता ओसही पडले आहेत.

दुसऱ्या दिवशी बोटीने बाइलश्टाइनला गेलो. दीड-दोनशे वस्तीचे हे गाव, पण चित्रासारखे. किल्ल्याच्या अवशेषांच्या वर ज्यूंचे जुने कबरस्तान आहे. कधीकाळी या चिमुकल्या गावात त्यांची वस्ती आणि प्रार्थनागृहही होते. नाझी राजवटीत मोझेलकाठच्या गावोगावच्या ज्यूंना घरातून ओढून नेले, कित्येकांना ठार मारले. सुंदर गाव पाहताना तिथे आज कोण नाही हेही पाहावे, असे आम्हाला वाटले. दोघांनी दगडांपुढे क्षणभर उभे राहून मान झुकवली.

तिसऱ्या दिवशीच्या ट्राबेन-ट्रारबाखने तर आम्हाला चकितच केले. १९०० च्या सुमारास हे युरोपातील वाईन व्यापाराचे एक प्रमुख ठिकाण होते. ब्रूनो म्योरिंग या वास्तुशिल्पकाराने एका व्यापाऱ्यासाठी येथे वाईनची भव्य पेढी बांधली. त्याच इमारतीत २००९ साली बुद्ध संग्रहालय उघडले! आशियातील अनेक देशांतून जमवलेल्या सुमारे दोन हजार बुद्धमूर्ती तिथे मांडल्या होत्या. कुठे ध्यानस्थ, कुठे पहुडलेले, कुठे अभयमुद्रेतील तथागत. जिथे दारूची पिंपे रचली जात, तिथे आता शांतता होती. आम्ही मनातल्या मनात त्रिशरण म्हटले आणि एका बाकावर बसलो. तासभर कोणी काही बोलले नाही. शेवटी पत्नी म्हणाली, "इतका वेळ नुसते बसायला मिळाले. कोणी चहा मागितला नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, या एका वाक्यात आपल्या घराघरांतील बाईची कहाणी आहे. पुरुषाला कार्यालयाची सुटी असते, संघटनेच्या बैठकीनिमित्त चार माणसांत बसणेही होते. बाईला रविवार कोणता आणि सोमवार कोणता?

त्याच दिवशी बसने बर्नकास्टेल-कूसला गेलो. चौकात १४१६ सालचे लाकडी चौकटीचे एक अरुंद घर आहे, वरचा भाग पायापेक्षा रुंद. पण आम्हाला अधिक मोलाचे वाटले ते नदीपलीकडचे वृद्धाश्रम. याच गावी १४०१ साली जन्मलेले तत्त्वचिंतक निकोलाउस यांनी १४५८ साली ३३ निराधार वृद्धांसाठी ते स्थापन केले आणि खर्चासाठी द्राक्षमळे जोडून दिले. साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी वृद्धांची सेवा तिथे चालू आहे. दान देताना त्याच्या कायमच्या उत्पन्नाची सोय कशी करावी, याचा हा धडा आपल्या संस्थांनीही घ्यावा.

चौथा दिवस ट्रिअरचा. ५ मे १८१८ रोजी कार्ल मार्क्स येथे जन्मले. ते घर आता संग्रहालय आहे. जानेवारी १८४३ मध्ये ऱ्हाईन प्रांतातील वृत्तपत्रात मार्क्सने मोझेलच्या द्राक्ष शेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहिले. जकातीचे नियम बदलले, बाहेरची वाईन आली, भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला. सरकार मात्र दोष शेतकऱ्यालाच देत होते. काही आठवड्यांतच ते वृत्तपत्र बंद पाडले गेले. अशा प्रश्नांमुळेच आपण अर्थशास्त्राकडे वळलो, असे मार्क्सने पुढे १८५९ साली नमूद केले. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करणारे भाषण केले होते. एकाच नदीच्या काठी आम्हाला दोघेही भेटले, याचे नवल वाटले.

परतताना मनाशी एक गोष्ट पक्की झाली. विसावा ही श्रीमंतांची चैन नव्हे. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ साली कारखाने कायद्यात पगारी रजेची तरतूद झाली. कामगाराला विश्रांती हवी, हे कायद्याने मान्य केले. मग घरात राबणाऱ्या बाईची रजा कोणत्या कायद्यात बसवायची? ती आपणच द्यायची आहे.

त्यासाठी जर्मनीलाच जायला हवे असे नाही. कार्ल्याची लेणी आहेत, अजिंठा आहे, गावाजवळची नदी आहे. वर्षातून दोन दिवस दोघांनीच जावे. मुले आजी-आजोबांकडे राहतील. नियम एकच ठेवावा : त्या दोन दिवसांत घरच्या बाईने चूल पेटवायची नाही आणि चहा तिच्या हाती आयता यावा.