टीव्हीवरच्या पुरस्कारांत भीमगीत का दिसत नाही?

टीव्हीवरचे सगळे पुरस्कार सोहळे एकाच प्रकारचे नसतात. ‘झी मराठी अवॉर्ड्स’मध्ये वाहिनी आपल्याच मालिकांचा गौरव करते. ‘झी चित्र गौरव’ चित्रपटांसाठी आहे; तिथे गायकाला नामांकन मिळते ते चित्रपटातल्या गाण्यासाठी. भीमजयंतीच्या मंचावरून आणि कॅसेटमधून घरोघरी पोहोचलेले भीमगीत या दोन्ही चौकटींत बसत नाही.

कल्याणचे शिंदे घराणे पाहा. प्रल्हाद शिंदे (निधन २००४) यांची भीमगीते वस्त्यावस्त्यांत गेली ती कॅसेट आणि जाहीर कार्यक्रमांमुळे. नातू आदर्श शिंदे ‘दुनियादारी’ (२०१३) चित्रपटात गायले, म्हणून ते गाणे अशा पुरस्कारांच्या चौकटीत आले. घराणे एकच, वाटा दोन.

त्यामुळे पुरस्कार नाही म्हणून भीमगीताला कमी लेखू नका. पण नोंद आपणच ठेवली पाहिजे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जयंती मंडळांनी मंचावर आणि यूट्यूबवर प्रत्येक गाण्याचे गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे द्यावीत. २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे. गाण्याखाली गीतकाराचे नावच नसेल, तर त्याच्या घरच्यांनी तो मागायचा कशाच्या आधारे?