रानातला मुक्काम, गाडीची बॅटरी आणि सूर्याची साथ

- प्रतिनिधी

डिसेंबरमधील थंड सकाळ. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून तीन रात्री काढलेले कुटुंब परतीच्या तयारीत आहे. सामान डिकीत भरले जाते, मुले मागच्या आसनावर बसतात, किल्ली फिरवली जाते आणि बॉनेटखालून केवळ 'टक् टक्' असा आवाज येतो. सेल्फ फिरत नाही. गाडीत म्हणावा असा कोणताही बिघाड नसतो. तीन रात्री तंबूत जळलेले दिवे आणि गाडीवर चार्ज केलेले मोबाइल यांनी बॅटरी उतरवलेली असते, इतकेच.

शहरात ही केवळ गैरसोय ठरते. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायर जोडून किंवा गॅरेजवाल्याला बोलावून वेळ निभावते. रानात मात्र गाडी हेच गावापर्यंत पोहोचण्याचे साधन असते. रात्री कुणाला विंचू चावला, मुलाला ताप भरला तर तीच रुग्णवाहिका होते. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी सौर ऊर्जेवर बॅटरी चार्ज ठेवण्याचा विचार हा हौसेपेक्षा सुरक्षिततेचा अधिक आहे. अलीकडे घडीची सौर पॅनेल सहज मिळू लागली आहेत. तथापि, पॅनेल विकत घेतले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. त्यामागील हिशेब समजून घेणे आवश्यक आहे.

बॅटरीचे खरे काम

शिसे आणि गंधकाम्लावर चालणाऱ्या बॅटरीचा शोध फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये लावला. मोटारगाडीत सेल्फ स्टार्टर आला तो १९१२ मध्ये, अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत. तोवर लोखंडी हँडल फिरवून इंजिन सुरू करावे लागे. हे कष्ट वाचवण्यासाठी गाडीत बसलेल्या बॅटरीचे मुख्य काम आजही तेच आहे : दोन-तीन सेकंद प्रचंड प्रवाह देऊन इंजिन फिरवणे.

लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ मारताना साधारण १५० अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. तीन सेकंदांत खर्च होणारी वीज अँपिअर-तासात मोजली तर ती जेमतेम ०.१२५ भरते. इंजिन सुरू झाले की आल्टरनेटर ती काही मिनिटांत भरून काढतो. म्हणजे या बॅटरीला मोठा पण क्षणिक खर्च करण्याची सवय असते. त्यासाठी तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने अधिक ठेवलेल्या असतात. तासन् तास थोडी थोडी वीज काढून बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे या पट्ट्यांना मानवत नाही. बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. थंडीत तर दुहेरी अडचण होते. बॅटरीची शक्ती कमी होते आणि इंजिनमधील ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जोर जास्त लागतो.

यावरून एक नियम बांधता येतो. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीतून एकूण क्षमतेच्या पाव हिश्श्याहून अधिक वीज मुक्कामात काढू नये. बॅटरी जुनी असेल तर हात आणखी आखडता घ्यावा.

अंथरूण पाहून पाय

आता चौघांच्या कुटुंबाचा एका दिवसाचा खर्च पाहू. पाच वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावले की ५० वॅट-तास. चार मोबाइल, प्रत्येकी १५ वॅट-तास, म्हणजे ६०. कॅमेरा आणि लहान स्पीकरसाठी २०. एकूण १३० वॅट-तास. बाराने भागले की सुमारे ११ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. तिचा पाव हिस्सा म्हणजे जेमतेम ९. याचा अर्थ असा की, पहिल्याच रात्री मर्यादा ओलांडली जाते आणि तिसऱ्या रात्रीअखेर बॅटरी जवळजवळ रिकामी होते. सुरुवातीच्या प्रसंगातील कुटुंबाचे नेमके हेच झालेले असते.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. मोबाइल रात्री न लावता दिवसा, पॅनेलवर ऊन असताना चार्ज करावेत. ते ६० वॅट-तास वगळले की रात्रीचा खर्च ७० वॅट-तासांवर, म्हणजे सहा अँपिअर-तासांच्या आत येतो. २३० व्होल्टचा इन्व्हर्टर शक्यतो टाळावा. बारा व्होल्टची वीज चढवायची आणि मोबाइलच्या चार्जरने ती पुन्हा पाच व्होल्टवर उतरवायची, यात काही वीज वाटेतच नाहीशी होते. गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा यूएसबी चार्जर अधिक काटकसरी ठरतो.

सूर्य किती देतो?

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रति चौरस मीटर १,००० वॅट इतक्या प्रखर उन्हासाठी आणि पॅनेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. दिवसभर असे ऊन नसते. म्हणून दिवसभरातील एकूण उन्हाचे 'पूर्ण उन्हाचे तास' करून हिशेब मांडतात. महाराष्ट्रात हिवाळ्यातील निरभ्र दिवशी असे सुमारे पाच तास धरता येतात. मात्र भंडारद्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या जागी ऊन उशिरा येते आणि लवकर जाते. तेथे चारच तास धरणे शहाणपणाचे.

६० वॅटचे पॅनेल पूर्ण उन्हात सुमारे १८ व्होल्टला ३.३ अँपिअर देते. चार तासांचे झाले १३ अँपिअर-तास. वायरमधील आणि बॅटरीतील घट वजा जाता हाती दहा-अकरा उरतात. म्हणजे आपल्या ११ अँपिअर-तासांच्या खर्चाशी जमेची बाजू कशीबशी जुळते. एक दुपार ढगाळ गेली की हिशेब कोलमडतो. म्हणून अशा कुटुंबाने ८० ते १०० वॅटचे पॅनेल घ्यावे.

पॅनेल कसे ठेवतो यालाही महत्त्व आहे. भंडारदरा उत्तर अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या आसपास येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून केवळ ४७ अंशांवर असतो. पॅनेल गाडीच्या टपावर आडवे टाकले तर दुपारच्या थेट उन्हाचा सुमारे चौथा हिस्सा वाया जातो. दक्षिणेकडे तोंड करून ४० ते ४५ अंशांत तिरके उभे केले की हे नुकसान टळते. सकाळी थोडे पूर्वेकडे, दुपारनंतर थोडे पश्चिमेकडे वळवले तर आणखी फायदा होतो.

सावली हा पॅनेलचा मोठा शत्रू आहे. त्यातील सेल एकामागोमाग एक साखळीसारखे जोडलेले असतात. एका सेलवर झाडाच्या फांदीची किंवा तंबूच्या दोरीची सावली पडली तरी पूर्ण साखळीचा प्रवाह रोडावतो. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात, अशी रचना सर्वांत चांगली. पॅनेल डॅशबोर्डवर, काचेच्या आत ठेवण्याचा मोह टाळावा. काच ऊन अडवते आणि तापलेल्या पॅनेलची कार्यक्षमता घटते.

मधला राखणदार

बारा व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलचा दाब भार नसताना २१-२२ व्होल्टपर्यंत जातो. मोठे पॅनेल थेट बॅटरीला जोडले तर बॅटरी भरल्यावरही प्रवाह सुरूच राहतो, आतील पाणी उडते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हा वायू ठिणगीने पेट घेतो. म्हणून पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरीचा दाब साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेतो, ती भरली की १३.५ च्या आसपास खाली आणून स्थिर ठेवतो आणि रात्री बॅटरीची वीज उलट पॅनेलकडे जाऊ देत नाही.

कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात. पीडब्ल्यूएम प्रकार स्वस्त असतो, पण तो पॅनेलला बॅटरीच्या दाबावर ओढून आणतो. १८ व्होल्टला ३.३ अँपिअर देणारे पॅनेल १३ व्होल्टवर आले की ६० वॅटचे ४३ वॅटच उरतात. एमपीपीटी प्रकार जादा व्होल्टचे रूपांतर जादा प्रवाहात करतो, परंतु त्याची किंमत अधिक असते. लहान पॅनेलसाठी पहिला पुरेसा आहे. पॅनेल मोठे असेल तर दुसऱ्याचा खर्च वसूल होतो.

जोडणीचा क्रमही पाळावा. आधी कंट्रोलर बॅटरीला जोडावा, नंतर पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा, अन्यथा वायर घासून शॉर्ट झाल्यास आग लागू शकते. वायर बारीक नको. पॅनेल पाच मीटर दूर ठेवले तर वीज जाऊन-येऊन दहा मीटर प्रवास करते. सहा अँपिअर प्रवाहाला एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे एक व्होल्ट गमवावा लागतो. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर ०.४ व्होल्ट.

येथे एका नेहमीच्या फसगतीचा उल्लेख केला पाहिजे. काही लहान पॅनेलना गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये बसणारी पिन असते. अनेक गाड्यांत किल्ली काढली की हे सॉकेट बंद होते. दिवसभर पॅनेल उन्हात राहते, पण बॅटरीला थेंबभरही वीज पोहोचत नाही. शिवाय पाच वॅटच्या पॅनेलचे काम वेगळे आहे. उभ्या गाडीत घड्याळ, सेंट्रल लॉक इत्यादींना ५० मिलिअँपिअर लागत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. ते भरून काढण्यापुरतेच हे पॅनेल उपयोगी. तंबूतील दिव्यांचा भार त्यावर टाकता येत नाही.

फ्रिज हवा असेल तर

गाडीत चालणारा लहान कॉम्प्रेसर फ्रिज घेतला की सर्व गणित बदलते. ४५ वॅटचा फ्रिज दिवसातील निम्मा वेळ चालला तर ५४० वॅट-तास, म्हणजे ४५ अँपिअर-तास खातो. गाडीच्या संपूर्ण बॅटरीहून हे अधिक आहे. येथे काटकसर चालत नाही. दुसरी, स्वतंत्र बॅटरी लागते आणि ३०० वॅटच्या वर पॅनेल. ही बॅटरी सावकाश व खोलवर रिकामी होण्यासाठी बनवलेली 'डीप सायकल' प्रकारची असावी. १०० अँपिअर-तासांच्या अशा शिशाच्या बॅटरीतील निम्मी वीज वापरणे योग्य. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात ८० टक्के वापरता येते आणि वजनही बरेच कमी असते. मात्र तिच्यासाठी कंट्रोलरची मांडणी वेगळी ठेवावी लागते आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. लडाख किंवा स्पितीकडे गाडी नेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना थेट जोडू नयेत. मध्ये आयसोलेटर असला की मुक्कामाचा खर्च गाडीच्या बॅटरीला शिवत नाही. नव्या गाड्यांत बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर असतो. त्यामुळे हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

ऊन नसेल तेव्हा

मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी भंडारदरा परिसरात गर्दी होते. तेव्हा सूर्य माथ्यावर असल्याने पॅनेल आडवे ठेवले तरी चालते, पण आकाश केव्हा भरून येईल याचा नेम नसतो. दाट ढगांत पॅनेलचे उत्पन्न अगदी थोडे राहते. अशा वेळी दिवे कमी करणे हाच मार्ग. काजव्यांनाही झगमगाट नकोच असतो.

बॅटरी भरण्यासाठी रात्री इंजिन चालू ठेवून झोपण्याची चूक मात्र कदापि करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तंबूत किंवा बंद गाडीत तो झोपेतच जीव घेऊ शकतो.

शेवटी एक सवय. बॅगेत साधा डिजिटल व्होल्टमीटर ठेवावा आणि सूर्य उगवण्यापूर्वी, दिवे बंद करून काही वेळ गेल्यावर बॅटरी मोजावी. दिवसा पॅनेल जोडलेले असताना दिसणारा आकडा फसवा असतो. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे पावच उरलेली. आकडा १२.४ च्या खाली गेला की त्या रात्रीचे दिवे गाडीवर लावू नयेत. हातातल्या टॉर्चवर काम भागवावे आणि सूर्याला दुसऱ्या दिवशी उसने फेडू द्यावे. एक रात्र अंधारात गेली तर काही बिघडत नाही. किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होणे महत्त्वाचे.