मुरघास आंबतो, पण कस टिकतो का?

पावसाळ्यात नेपियरची कापणी आवरता आवरत नाही आणि एप्रिल-मेमध्ये जनावरांपुढे टाकायला हिरवी काडी मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्यातील दूध उत्पादक मुरघासाकडे वळले आहेत. मात्र, खड्डा भरून वर प्लॅस्टिकचा कागद अंथरला की काम संपले, ही समजूत महागात पडते. चाऱ्याचे खरे भवितव्य त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कागदाखाली ठरते.

मुरवल्याने चाऱ्याचा कस वाढतो, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. कापणीच्या वेळी गवतात जे पोषण असते, त्यातील जास्तीत जास्त टिकवणे एवढेच किण्वनाचे, म्हणजे आंबण्याच्या क्रियेचे काम. खड्ड्यातील हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू गवतातील साखरेवर वाढतात. सामू ४.२ पर्यंत किंवा त्याखाली उतरला की चारा कुजवणारे जिवाणू थंडावतात. तत्त्व लोणच्याच्या बरणीचेच. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी तर जिवाणूंची वाट न पाहता चाऱ्यात थेट आम्ल मिसळण्याची पद्धत विकसित केली. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना देताना या पद्धतीचा खास उल्लेख करण्यात आला होता.

मक्याचा मुरघास सहसा साधतो, गवताचा फसतो. नेपियरमध्ये साखर कमी आणि कोवळ्या कापणीत पाणी ८० टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे सामू सावकाश उतरतो. तेवढ्या अवधीत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्लाचे ब्युटिरिक आम्ल करतात आणि प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया सुटतो. अशा चाऱ्याला उग्र, खवट वास येतो. जनावर तो कमी खाते आणि दूध घटते.

खरी मेख पुढेच आहे. प्रयोगशाळेत प्रथिने नत्रावरून मोजली जातात. त्यामुळे अमोनियातील नत्रही प्रथिनांच्याच खात्यात जमा होते आणि बिघडलेला मुरघासही कागदावर चांगला दिसू शकतो. एकूण नत्रात अमोनियाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा. विकतचा मुरघास घेताना प्रथिनांबरोबर सामू आणि अमोनियाचे आकडेही मागावेत.

दुसरी फसगत सुवासाची. नीट न दाबलेल्या खड्ड्यात हवा राहून चारा तापतो, तपकिरी होतो आणि त्याला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. जनावरे तो आवडीने खातात. पण उष्णतेमुळे साखरेशी जखडलेली प्रथिने त्यांना पचत नाहीत.

गवत कापल्यावर काही तास सुकवून पाण्याचे प्रमाण ६५ ते ७० टक्क्यांवर आणणे, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करणे, थोडा गूळ किंवा मळी मिसळणे आणि थरावर थर घट्ट दाबणे, हे उपाय परिचित आहेत. श्रावणात सुकवायला ऊन कुठले? अशा वेळी कडब्याची कुट्टी मिसळून ओल शोषून घेता येते. कुट्टी मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले, तर ती अजून ओली आहे असे समजावे.

खड्डा उघडल्यावर हवा पुन्हा आत शिरते आणि यीस्ट व बुरशी वाढू लागतात. म्हणून रोज एकाच बाजूने, सलग थर कापून चारा काढावा. बुरशी लागलेला थर गायीला मुळीच घालू नये. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन गायीच्या पोटातून दुधात उतरते आणि दूध उकळले तरी ते नष्ट होत नाही.