करोना आणि फुप्फुसाची राखण

कापडखरेदीस मुंबईंत हिंदमात्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं जवळच परळ येथें हाफकिन संस्था पाहिली असेल. डॉ. हाफकिन यांनीं आपली प्लेगची लस १८९७ सालीं मुंबईंत प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ त त्यांची प्रयोगशाळा परळास आली. शरीरास शत्रूची आगाऊ ओळख करून देणें, हें लसीचें तत्त्व करोनासही कां लागू पडतें, तें आम्ही येथें सांगतों.

प्रयोगशाळेंत मानवी फुप्फुसाच्या पेशी भांड्यांत वाढवून त्यांत करोनाचा विषाणु सोडतात. रोगट पेशी ‘इंटरफेरॉन’ नांवाचें द्रव्य स्रवून शेजारच्या पेशींस सावध करते. परंतु हा विषाणु ती हाक दडपतो. इशारा उशिरा व क्षीण जातो. रक्तांतील टी-पेशींस विषाणूची पूर्वओळख असेल, तर त्या रोगट पेशीच्या पृष्ठावरील विषाणूचे तुकडे ओळखतात, तिला चिकटतात, छिद्र पाडून मारक द्रव्य आंत सोडतात व तिचा नाश करतात.

ओळख नसल्यास तयारींत दिवस जातात. पांखरांनीं दाणे टिपल्यावर राखणदार गोफण फिरवूं लागला, तर कणसेंच मोडतात. तसा उशिरा भडकलेला दाह निरोगी फुप्फुसासही इजा करतो. म्हणूनच दाह शमविणारें डेक्सामेथासोन २०२० सालीं ब्रिटनमधील प्रयोगांत प्राणवायु द्यावा लागलेल्या रोग्यांसच उपयोगी ठरलें, इतरांस नाहीं. तें आपल्या मनानें कधींही घेऊं नये.

बियाण्यास औषध पेरणीपूर्वीं चोळतात. लसीचेंही तसेंच आहे. आणि दम लागूं लागल्यास हातचें काम टाकून तत्काळ दवाखाना गांठावा.