तबेल्यातली काडतुसं आणि कपाटाच्या मुठी

एका वाचकाचा प्रश्न आहे. आजोबांच्या सागवानी कपाटाला त्यांनी पितळेच्या नव्या मुठी आणि कड्या बसवल्या. त्या इतक्या चकचकतात की कपाटच बापुडवाणं दिसू लागलं. बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर ठेवल्या तर त्या एका रात्रीत जुन्या दिसतात, असं कुणीतरी सांगितलं. हे खरं का?

अगदी खरं. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. त्यातल्या तांब्यावर हवा आणि ओलावा सावकाश तपकिरी ऑक्साइडचा थर चढवतात. आपल्याकडे तो कधी टिकूच दिला नाही. सण आला की चिंचेतल्या आम्लाने समया, तांबे, घंगाळं घासून लख्ख! आता तोच मळकटपणा ‘अँटिक फिनिश’ म्हणून जादा दराने विकला जातो. पुष्कळदा तर तो नुसता काळपट रंगाचा लॅकर असतो.

अमोनिया हेच काम घाईने उरकतो. पितळेवरच्या ओलाव्यात तो विरघळतो आणि तांब्याच्या आयनांना धरून गडद निळं संयुग बनवतो. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर दिसायचं ना, तेच. तांबं असं सुटत राहतं, ऑक्सिजन त्याला गाठत राहतो, आणि महिन्यांचं काम काही तासांत होतं. उकडलेल्या अंड्याचीही एक युक्ती सांगतात. त्यातल्या गंधकाच्या वायूने चांदी आणि तांबं झटकन काळवंडतात. पितळ मात्र त्याला फारशी दाद देत नाही.

आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. मग नादी लागू नका. मूठ अस्सल असेल तर अ‍ॅसिटोनने लॅकर काढा, तेलकट बोटं लावू नका, आणि डब्याच्या तळाशी थोडा लिक्विड अमोनिया ठेवून त्यावर मुठी दोऱ्याने टांगा. हे सगळं गच्चीवर किंवा मोकळ्या हवेत. आणि ब्लीचची बाटली जवळपासही नको, दोघांच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

पण हा डबा बंद करण्याआधी ब्रिटिश फौजेची एक गोष्ट ऐकायलाच हवी. हिंदुस्थानात पावसाळा लागला की लष्करी हालचाली मंदावत आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवला जाई. पावसाळा सरल्यावर पाहावं तर पितळी काडतुसांना तडे! विशेषतः गोळीभोवती पितळ आवळलेलं असे, त्या जागी. याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. कोडं सुटलं १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ थंडच ओढून-दाबून घडवताना त्यात अडकून राहिलेला ताण, हे एकत्र आले की धातू चिरतो. ताणून धरलेल्या कापडाला कात्रीचं टोक लागलं की ते टर्रकन फाटतं, सैल कापडाला नुसती खोच पडते, तसंच हे. उपायही किती साधा! घडवलेलं पितळ सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून ताण सैल करायचा. एवढं उपयोगी काम करूनही ही तीन नावं धातुशास्त्राच्या पुस्तकांबाहेर कुणाला ठाऊक नाहीत.

आणि गंमत पाहा, पितळी भागांत असा ताण उरलाय का हे तपासायला आजही ते अमोनियाच्या वाफेत ठेवतात. त्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ६९५७. म्हणजे वाचकांना मिळालेली कृती ही प्रयोगशाळेतल्या परीक्षेची सख्खी बहीण.

ओतीव, जाड मुठीत सहसा फारसा ताण नसतो. ती सुटी ठेवा, दर तासाला डोकावा, हवा तो तपकिरी रंग आला की लगेच काढून भरपूर पाण्याने धुवा, कोरडी करा आणि मगच स्क्रू आवळा. हात लागतो तिथे बारीक स्टील वूल फिरवून वर मेण चोळलं की झालं. पत्रा वाकवून केलेल्या पातळ कड्यांना मात्र अमोनिया नको. लॅकर तेवढा काढा आणि तशाच बसवा. मुंबई-कोकणातल्या हवेत एक पावसाळा त्यांचा तोरा उतरवायला पुरेसा आहे.